ओझरहून दुबई, एकाच तिकिटावर : सेवेचे परीक्षण

नाशिकजवळच्या ओझर विमानतळावरून दिल्लीमार्गे दुबईला जाण्याची एकाच तिकिटावरची सेवा मी नुकतीच वापरली. ओझरची इमारत आटोपशीर असल्याने दारापासून सुरक्षा तपासणीपर्यंत फारसा वेळ लागत नाही. खरी सोय मात्र सामानाची आहे. ओझरलाच बॅगेवर दुबईपर्यंतचा टॅग लागला, त्यामुळे दिल्लीत पट्ट्यापाशी थांबावे न लागता थेट इमिग्रेशनकडे जाता आले. वयस्कर आईवडिलांना मुलांकडे पाठवताना कसारा घाट आणि मुंबईतली कोंडी टळते, हे मला फार मोलाचे वाटते.

उणीव आहे ती मार्गाची. जायचे पश्चिमेला, पण त्यासाठी आधी उत्तरेला दिल्ली गाठून पुढच्या विमानासाठी ताटकळावे लागते आणि त्यात जवळजवळ अख्खा दिवस जातो. याचा दोष केवळ विमान कंपनीला देणे मला पटत नाही. 1944 च्या शिकागो करारानुसार कोणतीही नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा संबंधित देशाच्या परवानगीशिवाय चालवता येत नाही. ही परवानगी दोन सरकारे आपसातील हवाई सेवा कराराने देतात आणि दोन्हीकडच्या कंपन्यांनी आठवड्याला किती आसने न्यावीत, परदेशी कंपनीने कोणकोणत्या शहरांत उतरावे, हे त्यातच ठरते. भारत आणि दुबई यांच्यात प्रत्येक बाजूला आठवड्याला सुमारे 66 हजार आसने ठरलेली आहेत. दुबईची विमान कंपनी एमिरेट्स भारतातील नऊ शहरांत येते, पण महाराष्ट्रात फक्त मुंबईला. भारतीय कंपन्यांवर शहरांचे तसे बंधन नसले, तरी मोजकी आसने हाती असताना त्या ती मोठ्या विमानतळांवरूनच वापरणार, हे उघड आहे.

यातून वाट निघू शकते. आसियान या आग्नेय आशियाई गटातील देशांच्या विमान कंपन्यांना भारताने महानगरांबाहेरची 18 ठिकाणे खुली केली, त्यांत औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, आहे, नाशिक नाही. दुबईशी आसने वाढवण्याची बोलणी होतील तेव्हा वाढीव आसनांचा काही वाटा ओझरसारख्या विमानतळांसाठी राखून ठेवावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे, आणि जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींनी ती दिल्लीत मांडायला हवी.

तोवर ज्येष्ठांसाठी आणि जड सामान असणाऱ्यांसाठी मी ही सेवा निःशंकपणे सुचवेन. कामानिमित्त एका दिवसात पोहोचून बैठक गाठायची असेल, त्यांनी मुंबईहूनच जावे.