सुदानमधून सुटका: जहाज बरं की विमान?

एप्रिल २०२३ चं ऑपरेशन कावेरी आठवतंय ना, तेव्हा सुदानमध्ये लढाई पेटल्यावर तिथे अडकलेल्या भारतीयांना बाहेर काढायला नेव्हीची जहाजंही होती आणि एअरफोर्सची विमानंही. आयएनएस सुमेधाने पहिल्याच खेपेत पोर्ट सुदान बंदरातून २७८ जण सौदीतल्या जेद्दाला नेले, म्हणजे माणसं भरायची तर जहाजच भारी, सामानाचीही एवढी कटकट नाही. पण खरी गोम अशी की राजधानी खार्तूमपासून पोर्ट सुदान ८०० किलोमीटरच्या वर, आणि तो रस्ता बसने, गोळीबार चुकवत, स्वतःच्या जिवावर काढायचा, जहाज काही वाळवंटात येत नाही!

ज्यांना तेही जमत नव्हतं त्यांच्यासाठी एअरफोर्सचं सी-१३०जे मालवाहू विमान थेट खार्तूमजवळच्या वादी सैय्यदनाच्या धावपट्टीवर रात्री उतरलं. धावपट्टी खराब, लँडिंग लाइट नाहीत, इंधन नाही, पायलटच्या डोळ्यांवर नाइट व्हिजन गॉगल, लोक चढेपर्यंत इंजिनं चालूच, खाली पहाऱ्याला एअरफोर्सचे गरुड कमांडो. १२१ जण आले, त्यात एक गरोदर बाई पण होती.

आकडा जहाजाचा मोठा, मान्य. पण आजारी माणूस घरात अडकलेला असेल तर मी विमानालाच मत देईन, बाकीच्यांनी सरळ बंदर गाठावं.