वडिलांच्या वर्षश्राद्धाची स्मरणिका: लालबागच्या एका छापखान्याचा अनुभव

लालबाग-चिंचपोकळी परिसरातील या छोट्या छापखान्यात लग्नपत्रिका, मंडळांच्या पावत्या आणि वार्षिक अहवाल तर छापले जातातच, पण दिवंगत व्यक्तीच्या स्मरणिकेचे सगळे काम, जुने फोटो दुरुस्त करण्यापासून पुस्तिका बांधून देण्यापर्यंत, येथे एकाच छताखाली होते. माझे वडील गेल्या वर्षी वयाच्या 89 व्या वर्षी गेले. वर्षश्राद्धाला येणारे नातेवाईक, चाळकरी आणि कापड गिरणीच्या साचेखात्यातले, म्हणजे विणकाम खात्यातले, हयात असलेले मोजके सोबती यांच्या हाती द्यावी म्हणून आम्ही भावंडांनी येथे 32 पानांची पुस्तिका करून घेतली. अशा स्मरणिकांमध्ये गेलेला माणूस बहुधा ओळखू येणार नाही इतका सजवलेला असतो. येथील मंडळींनी आमच्या वडिलांना ते जसे होते तसे राहू दिले, आणि माझ्या दृष्टीने या छापखान्याचे सर्वांत मोठे श्रेय तेच आहे.

वडील 1955 साली राजापूर तालुक्यातून मुंबईत आले, आधी बदली, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, आणि नंतर कायम म्हणून गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहिले, आणि 1982 च्या गिरणी संपानंतर गिरणीत परत घेतले न गेल्याने सत्तरी गाठेपर्यंत एका इमारतीत रात्रपाळीचे रखवालदार होते. त्या पगारावर त्यांनी चार मुलांना शिकवले आणि दोन बहिणींची लग्ने लावली. त्यांच्या मागे कागद थोडेच राहिले: बदली पास, काही पगारपत्रके, गावी आजीला पाठवलेल्या मनिऑर्डरींच्या दोऱ्यात ओवलेल्या पावत्या, गिरणी कामगारांच्या घरांसाठी भरलेल्या अर्जाची पोच आणि स्टुडिओत काढलेला एकच फोटो. 2012 च्या म्हाडाच्या सोडतीत त्यांचे नाव लागले नाही, तरी ती पोच त्यांनी शेवटपर्यंत प्लास्टिकच्या पिशवीत जपली होती.

फोटो अनेक पावसाळ्यांच्या ओलीने फ्रेमच्या काचेला चिकटला होता. दुसऱ्या एका दुकानात तो ओढून काढण्याची तयारी सुरू झालेली पाहून मी तेथून उठून आलो होतो. येथील कारागिराने फोटोला हातही न लावता काचेसकट स्कॅन केला, बुरशीचे डाग संगणकावर एकेक करून पुसले आणि चेहऱ्यापाशी येऊन थांबून विचारले, ‘कपाळावरचा व्रण ठेवायचा ना?’ तो व्रण साच्यावरून उडालेल्या धोट्याचा, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या अवजाराचा, होता. धोटा उडून लागणे साचेखात्यात नवलाचे नव्हते, पण हा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता. फोटो आपोआप रंगीत करण्याची सोयही त्यांच्याकडे आहे आणि नमुन्यादाखल त्यांनी ती करून दाखवली. सदरा निळा झाला, त्वचा तुकतुकीत झाली आणि डोळे कोणा परक्याचे वाटू लागले. आईने तो नमुना पाहताच नको म्हटले आणि त्यांनीही आग्रह केला नाही. ज्यांना वडीलधाऱ्यांचा खरा चेहरा हवा असेल त्यांनी कृष्णधवल फोटो कृष्णधवलच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मजकुराच्या बाबतीत येथील ज्येष्ठ जुळारींचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. पूर्वी ते छपाईसाठी अक्षरांचे खिळे जुळवीत, आता संगणकावर पाने लावतात. जीवनक्रमाच्या पानावर आम्ही ‘संप: 1982 ते 1983’ असे लिहून दिले होते. ते वाचून त्यांनी आम्हाला बोलावून घेतले आणि डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरलेला तो संप 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झाला असला तरी रीतसर मागे कधीच घेतला गेला नाही, तेव्हा शेवटची तारीख आपण कोणत्या आधारावर छापायची, असे विचारले. अखेर सुरुवातीची तारीख छापून पुढची जागा कोरी ठेवली. वर्षश्राद्धाच्या दिवशी वडिलांच्या सोबत्यांपैकी दोघे त्याच पानावर बराच वेळ बोलत बसले होते.

मनिऑर्डरीच्या पावत्यांचे दोन पानी छायाचित्र हे पुस्तिकेतले सर्वांत देखणे काम आहे. पोस्टाचे पुसट शिक्केही वाचता येतात आणि रक्कम महिन्यामहिन्याला कशी वाढत गेली, संपाच्या काळात कशी घसरली, पण एकही महिना खंड कसा पडला नाही, हे कोणी न सांगता दिसते. आतला कागद चकाकी नसलेला निवडल्यामुळे वृद्धांना दिव्याखाली वाचताना त्रास झाला नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. मुखपृष्ठाच्या लॅमिनेशनचा खर्च आधी सांगितला नव्हता, तो बिलात वेगळा लागला. दर लेखी घ्यावेत. मुद्रिते, म्हणजे तपासायची प्रुफे, प्रथम केवळ फोनवर पाठवली जातात आणि तेथे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका नजरेतून सुटतात, म्हणून कागदावरची प्रत मागावी. मागितल्यावर ती विनातक्रार मिळते. गणेशोत्सवाच्या आधीचे दोन महिने मंडळांच्या कामाची इतकी गर्दी असते की आमची पुस्तिका ठरल्यापेक्षा आठवडाभर उशिरा हाती आली. जिना अरुंद आणि उभा आहे, त्यामुळे वयस्कर माणसांना वर नेण्यापेक्षा कारागिरांना खाली बोलवावे, ते येतात. पाने चारच्या पटीत लागतात, तेव्हा मजकूर त्या हिशेबाने न्यावा. काम संपल्यावर सर्व स्कॅन पेनड्राइव्हवर मागून घ्यावेत, कारण ते वेगळे पैसे न घेता देतात, पण आपणहून आठवण करून देत नाहीत.