घुबड, पंखांचा घोडा की कासव? पहिले ग्रीक नाणे निवडताना

संग्रहासाठी पहिले प्राचीन ग्रीक चांदीचे नाणे घ्यायचे म्हटले की बहुतेकांची नजर अथेन्सच्या घुबडाच्या नाण्यावर जाते. निर्णयाआधी कॉरिंथ आणि ईजिनाचे नाणेही शेजारी ठेवून पाहा.

अथेन्सचे चार ड्रॅक्मांचे (ड्रॅक्मा हे ग्रीक चलन) नाणे सुमारे १७.२ ग्रॅम भरते. एका बाजूला अथेना देवी. दुसऱ्या बाजूला तिचे घुबड, ऑलिव्हची डहाळी आणि चंद्रकोर. अथेन्सजवळच्या लॉरियमच्या चांदीच्या खाणींमुळे इ.स.पू. पाचव्या शतकात ही नाणी अमाप पाडली गेली, म्हणून आजही सहज मिळतात. चकती जाड आणि ठशापेक्षा लहान, त्यामुळे अथेनाच्या शिरस्त्राणाचा तुरा अनेकदा बाहेरच राहतो. छिन्नीची खूण दिसली तर बिचकू नका: आत तांबे नाही ना, हे प्राचीन काळीच कुणीतरी तपासले आहे. किंमत मात्र तेवढी उतरायला हवी.

नकलाही घुबडाच्याच जास्त. हवेतले वजन घ्या, मग नाणे दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून वजन घ्या. १७.२० ग्रॅमचे नाणे पाण्यात १.६५ ग्रॅमने हलके झाले, तर घनता (१७.२० भागिले १.६५) १०.४, म्हणजे चांगली चांदी. तांब्यावर चांदीचा मुलामा असेल तर आकडा बराच खाली येतो. बुडबुडे चिकटले तरीही तो कमी येतो, म्हणून ते आधी झटकावेत. चांदीतच ओतलेली नक्कल या चाचणीतून निसटते. तिच्या कडेवर सांध्याची रेष आणि पृष्ठावर बारीक खड्डे भिंगाने शोधावे लागतात.

ईजिना बेटाचा स्टेटर, म्हणजे तिथले मुख्य चांदीचे नाणे, सुमारे १२.२ ग्रॅमचा. आधी समुद्री कासव, पाचव्या शतकाच्या मध्यानंतर खवल्यांच्या पाठीचे जमिनीवरचे कासव. अथेन्सने बेट नमवल्याची ही खूण, असे अनेक जण मानतात. मागे फक्त खोलगट चौकोन. उंच पाठ आधी झिजते, त्यामुळे स्वस्त नमुन्यात कासवाऐवजी नुसता उंचवटा हाती येतो.

आमची पसंती कॉरिंथला. ८.६ ग्रॅम, म्हणजे घुबडाच्या निम्मे वजन. पण दोन्ही बाजूंना पूर्ण चित्र. पुढे पंखांचा घोडा पेगासस, मागे कॉरिंथी शिरस्त्राणातली अथेना. पेगाससला आवरणारा लगाम ग्रीक कथेतल्या बेलेरोफॉन या वीराला तिनेच दिला, त्यामुळे दोन्ही बाजू एकच कथा सांगतात. अथेनाच्या मानेमागची लहान चिन्हे वेगवेगळी असतात, जमवण्याची खरी गोडी त्यातच आहे. घोड्याखालचे अक्षर मात्र नीट वाचा. कॉप्पा (जुने ग्रीक अक्षर) असेल तर कॉरिंथ. लॅम्डा असेल तर ल्यूकास, आल्फा असेल तर बहुधा अँब्रेशिया, या कॉरिंथच्या वसाहती. वसाहतींची ही नाणीही देखणी आहेत. फक्त ती कॉरिंथची म्हणून घेऊ नका.