टोमॅटोचं वाण शुद्ध ठेवायचं: अंतर की पिशवी?

टोमॅटोची जुनी सरळ वाणं, म्हणजे संकरित नसलेली, बी धरून पुन्हा तशीच लावता येणारी, लावायला लागलं की माणूस एका वाणावर थांबत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात वाफ्यात चार रंग येतात आणि बी धरायची वेळ आली की प्रश्न उभा राहतो: दोन वाणांमध्ये अंतर सोडून भागेल, की फुलांच्या घोसाला पिशवी बांधायची? मी पाच हंगाम अंतराच्या भरवशावर बी धरलं, गेले चार हंगाम पिशव्या बांधतोय.

अंतराची बाजू कमकुवत नाही, हे आधी सांगतो. टोमॅटोच्या फुलात पुंकेसरांची नळी असते, कुक्षी तिच्या आत दडलेली असते आणि फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागावर फळतं. फुलात मध नसतो, त्यामुळे मधमाश्या तिथे फारशा रमत नाहीत. फुलाला घट्ट धरून थरथरवणारे भुंगेच खरा पराग काढतात आणि इकडचा तिकडे नेतात. ते कमी असतील तर दोन वाणं शेजारी लावूनही वर्षानुवर्षं काही बिघडत नाही. नक्की किती अंतर हवं, याबद्दल तीन मीटरपासून पन्नास मीटरपर्यंत काहीही सांगितलं जातं, त्याचं कारणही हेच असावं: उत्तर मोजपट्टीवर कमी आणि भुंग्यांवर जास्त अवलंबून आहे.

अंतराचा मोठा फायदा म्हणजे निवड हंगामाच्या शेवटी करता येते. कोणतं रोप करप्यात तगलं, कोणाची फळं तडकली नाहीत, कोणाची चव सरस, हे सगळं पाहून मग पाच-सहा रोपांचं बी एकत्र धरायचं. पिशवीच्या पद्धतीत याची उणीव मला आजही जाणवते.

आता माझं अंतरावरून मन का उडालं, ते.

मोठ्या, खाचदार फळांच्या वाणांत सुरुवातीची फुलं पुष्कळदा जोडफुलं असतात. दोन-तीन फुलं एकमेकांत मिसळल्यासारखी रुंद दिसतात, नळी नीट मिटत नाही आणि चपटी कुक्षी बाहेर डोकावते. बटाट्यासारख्या पानांच्या काही वाणांतही कुक्षी अशी बाहेर येते. परका पराग बसायला याहून सोपी जागा नाही. आणि नेमकं याच फुलांतून हंगामातलं पहिलं, सगळ्यांत दांडगं फळ येतं, जे पाहून कोणालाही वाटेल की बी धरावं तर याचंच. मीही तेच केलं होतं. चेरोकी पर्पल या काळपट गुलाबी, मोठ्या फळांच्या वाणाचं पहिलं फळ, शेजारच्या ओळीत चेरी टोमॅटो, मध्ये साधारण पाच मीटर.

पुढच्या हंगामात रोपं सुरेख आली. पानं तशीच, वाढ जोमदार. फुलं आली, फळं धरली, आणि काही रोपांवर ती सुपारीपेक्षा थोडी मोठी होऊन थांबली. पिकल्यावर लालभडक. तो काळपट गुलाबी रंग नाही, तो गर नाही. लहान फळ आणि लाल रंग हे दोन्ही गुण संकरात वरचढ ठरतात, त्यामुळे भेसळ कुठून झाली याचा अंदाज लगेच आला. पण आला चार महिन्यांनी. मशागत, पाणी, आधाराच्या काठ्या, सगळं झाल्यावर. ब्रँडीवाईनसारखं बटाटापानी वाण असतं तर रोपवाटिकेतच कळलं असतं, कारण बटाटापानाचा गुण दबका असतो, म्हणजे संकरात झाकला जातो, आणि साध्या पानाच्या वाणाशी संकर झाला तर रोप साध्या पानाचं निघतं. चेरोकी पर्पलचं पान मुळात साधंच, तिथे रोपाकडे पाहून काही ओळखता येत नाही.

चार महिने गेल्याचं दुःख मी पचवलं असतं. पण त्याच बाटलीतलं बी मी सात जणांना दिलं होतं. त्या प्रत्येकाला सांगावं लागलं की त्यावर विश्वास ठेवू नका, त्यातलं धरलेलं पुढचं बी कोणाला देऊ नका. दोघांनी ते आधीच पुढे दिलं होतं. हे वाण बागाईतदारांमध्ये पसरलं तेच मुळी 1990 साली अमेरिकेतल्या टेनेसीहून टपालाने आलेल्या बियांच्या एका पाकिटातून. टोमॅटोची जुनी वाणं जपणारे तिथले बागाईतदार क्रेग लाहुलियर यांनी ते लावून पाहिलं आणि त्याला नाव दिलं. पाकिटात त्या वेळी भेसळ असती, तर आज आपण ज्याला चेरोकी पर्पल म्हणतो ते हातीच आलं नसतं. माझ्या पाकिटातून तशी भेसळ पुढे गेली, ही गोष्ट मला फार लागली.

पिशवीचं काम तसं थोडं आहे, पण वेळेवर करावं लागतं. घोसातलं एकही फूल उमलायच्या आत बारीक जाळीची ऑर्गेन्झा पिशवी बांधायची. एखादं उमललेलं असेल तर ते खुडून टाकायचं. प्लास्टिक नको, आत घाम साचतो. रोज सकाळी ऊन तापायच्या आधी घोसाला दोन-चार टिचक्या मारायच्या, म्हणजे पराग सुटतो. दोन-तीन फळं वाटाण्याएवढी झाली की पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधायचा. धरलेल्या फळातल्या बीला पुढे भुंग्यांचं भय नाही. दोरा मात्र पक्का बांधा. मी एकदा सैल गाठ मारली आणि एका घोसाचं बी त्या वर्षी सोडून द्यावं लागलं.

त्रासही आहे. दिवसाचं तापमान बत्तीस-तेहेतीस अंशांच्या वर गेलं की परागाचा जोर कमी होतो आणि पिशवीतली फुलं गळतात. मावा आत शिरला तर त्याला खाणारे किडे बाहेरच राहतात. आणि निवडीचा प्रश्न उरतोच, कारण पिशवी बांधताना फळ पाहिलेलं नसतं. यावर मी प्रत्येक वाणाच्या पाच रोपांवर दोन-दोन घोस बांधतो आणि शेवटी कमी प्रतीच्या रोपांची दोरावाली फळं खाऊन टाकतो. एवढ्या घोसांचं बी घरच्या बागेला पुरून उरतं, नीट वाळवून थंड जागी ठेवलं तर चार-पाच वर्षं सहज उगवतं.

तुमच्याकडे जागा ऐसपैस असेल, फळं मध्यम आकाराची आणि फुलं मिटलेल्या नळीची असतील, बी घरातच वापरायचं असेल, तर अंतर पुरेसं होईल असं मला वाटतं. एका वर्षी एकच वाण लावणं हाही सरळ मार्ग आहे, शेजारी कोणी टोमॅटो लावत नसेल तर. पण मोठ्या फळांची वाणं चेरी टोमॅटोच्या आसपास असतील आणि बी दुसऱ्याच्या हातात जाणार असेल, तर मी पिशवीच्या बाजूने बोलेन. निदान जोडफुलाच्या फळाचं बी तरी धरू नका, ते कितीही देखणं असलं तरी. आणि दोन वाणांचं बी धुताना मधे गाळणी नीट खळबळून घ्या, जाळीत अडकलेली एक बीसुद्धा पुढे भेसळच पसरवते.

त्या सात जणांना मी पुढच्याच हंगामात नवीन बी दिलं. पाकिटावर वाणाचं नाव, वर्ष आणि त्याखाली लिहिलं: ‘पिशवीतल्या घोसाचं’.