रोटरी टूल ऑनलाइन घेणार असाल तर आधी हे वाचा

रोटरी टूल म्हणजे हातात धरून बारीक कापायचं, घासायचं, भोकं पाडायचं छोटं मशीन. मॉडेल बनवणाऱ्या मंडळींसाठी मुद्दाम लिहितोय कारण ज्या जाहिरातीला भुलून मी ते घेतलं आणि फसलो, ती अजून फिरतेय. "कंपनी क्लिअरन्स सेल, १७५ वॉट, ५,००० ते ३५,००० आरपीएम, शंभर बिट्स फ्री", ९,९९९ वर काट मारून २,४९९. (आरपीएम म्हणजे मिनिटाला फेरे, बिट म्हणजे मशीनला पुढे लावायचं टोक.) आकडे बरोब्बर चांगल्या मशीनचे उचललेत त्यामुळे माहितगार माणसालाही संशय येत नाही. व्हिडिओत चालताना दिसतं ते पण खरंच ब्रँडेड मशीन. सीओडीला दीडशे रुपये जादा आणि प्रीपेडला डिस्काउंट, म्हणजे पार्सल निघायच्या आधीच पैसे त्यांच्या खिशात.

आपल्याकडे कुठल्याही रोटरी टूलला सर्रास ड्रेमेल म्हणतात, १९३२ पासूनची अमेरिकन कंपनी आहे ती, आणि हे लोक त्याचाच फायदा घेतात, जाहिरातीत ते नाव आणि बॉक्सवर भलतंच काहीतरी. माझ्या बॉक्सवर तर इम्पोर्टरचं नाव-पत्ता नाही, एमआरपी नाही, महिना-वर्ष नाही. पॅकबंद मालावर हे सगळं छापणं कायद्याने सक्तीचं आहे, त्यामुळे बॉक्स हातात आला की पहिलं हेच बघा.

मी मराठा आरमारातल्या गुराबीचं, म्हणजे शिडाच्या लढाऊ जहाजाचं मॉडेल करतोय, सागवानाच्या पातळ पट्ट्या घासायला आणि तोफांची भोकं पाडायला टूल हवं होतं, शिवाय प्लास्टिकची किट्स असतातच. आता किटचं प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, ते शंभर डिग्रीच्या आसपास मऊ पडतं, स्पीड जास्त झाला की कापलं न जाता वितळतं आणि बिटला च्युइंगगमसारखं गुंडाळतं. म्हणून स्लो स्पीड लागतोच लागतो. ह्या मशीनच्या डायलवर १ ते ६ आकडे, पण १, २, ३ ला आवाज एकच आणि ४ च्या पुढे एकदम सुसाट. १ वर ठेवून टाकाऊ स्प्रूवर, म्हणजे किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या काडीला जोडलेले येतात तिच्यावर धरलं तरी धूर! कोलेटमध्ये, म्हणजे बिट पकडणाऱ्या तोंडात, ३.२ मिमीची बिट घट्ट आवळून हाताने फिरवली तर टोक उघड्या डोळ्यांना दिसेल इतकं हलत होतं, असल्या मशीनने बारीक भोक पाडायचं म्हणजे भोक अंडाकृती होणार आणि बारीक ड्रिल तुटणार.

सगळ्यात वाईट प्रकार कटिंग डिस्कचा. सोबत आलेल्या एकाही डिस्कवर कमाल आरपीएम छापलेला नव्हता. पितळेची तार कापायला घेतली आणि डिस्क फुटून तुकडा गॉगलवर आपटला, काचेवर ओरखडा आहे अजून. गॉगल नसता तर काय झालं असतं ते सांगायला नको.

सेलरला मेसेज केला तर उत्तर काय, "सर, नवीन मशीन आहे, थोडं चालवा, सेट होईल." असं करत करत रिटर्नची सात दिवसांची मुदत काढली. मग म्हणे बिट लावली म्हणजे यूज्ड प्रॉडक्ट, रिटर्न नाही. अरे, बिट न लावता टूल तपासायचं कसं?

शेवटी मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मोटर रिवाइंडिंगवाल्या काकांकडे नेलं, त्यांनी स्क्रू काढून समोरच उघडलं. डायलच्या मागे स्पीड कंट्रोलचं सर्किटच नाही, एक डायोड टाकून स्लो-फास्ट एवढंच केलेलं. बेअरिंगच्या जागी साधा बुश म्हणजे नुसती धातूची नळी, म्हणून टोक हलत होतं. आणि वायरचा जॉइंट स्लीव्हशिवाय उघडा, बॉडीच्या स्क्रूला जवळजवळ टेकलेला, बाहेर मात्र चौकोनात चौकोन म्हणजे डबल इन्सुलेशनचं चिन्ह झोकात छापलेलं. काका म्हणाले, "हे घरी चालवू नका, खेळण्यातली मोटर बरी."

तेव्हा पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी डायलच्या प्रत्येक आकड्याला आवाज बदलतो का, बिटचं टोक हलतं का बघून घ्या. डिस्क मात्र तपासायला पण लावू नका, आरपीएम छापलेल्या वेगळ्या विकत आणा.

मी १९१५ वर म्हणजे नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइनला तक्रार टाकली आणि ज्या साइटवरून घेतलं तिच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहिलं, नियमाप्रमाणे त्यांनी ४८ तासांत पोच द्यायची असते. पोच आली, पैसे अजून नाहीत. तक्रार गेल्यावर लगेच एका अनोळखी नंबरवरून "रिफंड डिपार्टमेंट"चा फोन, यूपीआय रिक्वेस्ट पाठवलीय, पिन टाका की पैसे जमा होतील. पैसे घ्यायला पिन लागत नाही हो, पिन फक्त द्यायला लागतो! फोन ठेवला आणि तो नंबर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवला.

सेलरचं पेज आता गायब आहे पण तोच व्हिडिओ दुसऱ्या नावाने १,९९९ ला चालू झालाय. ओळखायचं असेल तर जाहिरातीच्या व्हिडिओतलं मशीन आणि त्याच जाहिरातीत खाली दिलेल्या फोटोंतलं मशीन शेजारी ठेवून बघा, डायलची जागाच वेगळी आहे.