मोडी वाचणारा गट: नुसता अभ्यासगट की नोंदणीकृत संस्था?

चारपाच जणांनी मिळून मोडी लिपीतले जुने कागद वाचायचे आणि त्यावर लिहायचं, असं एका मैत्रिणीने ठरवलंय. अडलंय ते नोंदणीवर.

खर्चात तुलनाच नाही. अभ्यासगटाला कुणाच्या तरी घरची बैठक आणि चहा पुरतो. संस्थेला १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे किमान ७ सभासद लागतात. शिवाय नियमावली, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षीचं लेखापरीक्षण, कार्यकारिणी बदलली की बदल अर्ज. हे सगळं शेवटी एकाच्याच गळ्यात पडतं, आणि बहुधा तोच गटातला सर्वांत चांगला वाचक असतो!

टिकण्यात मात्र संस्था पुढे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापलं. पुढे मतभेद होऊन राजवाडे स्वतःच बाहेर पडले, तरी मंडळ आजही आहे. अभ्यासगट अशा एका भांडणातही मोडतो.

श्रेयाचा घोळ दोन्हीकडे सारखाच. लिप्यंतर (मोडीतला मजकूर देवनागरीत उतरवणं) कुणाचं, टिपा कुणाच्या, हे आधीच लिहून ठेवावं.

एखाद्या घराण्याचं दफ्तर वाचून छापण्यापुरतं काम असेल तर अभ्यासगट पुरे. लोकांकडून कागद घेऊन सांभाळायचे असतील, अनुदान मागायचं असेल, तर नोंदणी करा. पण आधी हिशेब आवडीने ठेवणारा माणूस शोधा.