जुनिपरच्या नावाखाली मला विकलेली फांदी

माझा भाचा आठवीत आहे. गेल्या वर्षी त्याला बोन्सायचं वेड लागलं आणि वाढदिवसाला त्याने जुनिपरच मागितलं. वडाच्या कुळातले फायकस आमच्या गच्चीत आहेत, पण त्याला ते पिळदार खोडाचं, बारीक खवल्यांसारख्या पानांचं झाड हवं होतं. मी मोबाईलवर शोधत बसले आणि एका विक्रेत्याच्या फोटोंवर भाळले. ‘८ वर्षांचं शिंपाकू, थेट जपानहून, नवशिक्यांसाठी तयार.’ शिंपाकू म्हणजे जुनिपरचाच एक जपानी प्रकार. कुंडीसकट ३,८०० रुपये, पैसे आधी. नोव्हेंबरात पार्सल आलं.

झाड सुंदर दिसत होतं. अंगठ्याहून जाड खोड, त्याला दोन वळणं, मातीवर शेवाळाची गादी आणि त्यावर डिंकाने पक्के चिकटवलेले पांढरे खडे. ते खडे बघून मी तिथेच थांबायला हवं होतं. माती झाकून टाकायची गरज विकणाऱ्याला का पडावी? पण पोराचा चेहरा फुलला होता, मी काही बोलले नाही.

त्याने एक वही केली. तारीख, पाणी किती, ऊन किती तास, सगळं त्यात. जानेवारी उजाडेपर्यंत पानांची तकाकी गेली, हिरव्यात राखाडी मिसळली, टोकं बोटाने चुरडू लागली. मी विक्रेत्याला फोटो पाठवले आणि वहीची पानंही पाठवली, म्हटलं त्याला नीट कळेल. उत्तर आलं, “मॅडम, रोज पाणी घातलंत ना? मग मुळं कुजणारच. जुनिपर नवशिक्याला असंच जातं. दुसरं देतो, ८०० रुपये कमी करून.”

भाच्याने ते वाचलं. दोन दिवस तो गच्चीत गेला नाही. “मावशी, मीच मारलं ना?” असं त्याने विचारलं, आणि मला खरंच वाटत होतं की हो, आमचंच चुकलं. मी ३,००० रुपये भरून दुसरं झाड मागवलं. या वेळी पाणी मोजून, माती बोटाने तपासून. सहा आठवड्यांत तेही गेलं.

तेव्हा मी कुंडी उपडी केली. शेवाळ आणि खडे एका थरात निघाले. खाली आपल्याकडची साधी लाल माती, आणि तिच्यात कुंडीच्या भोकांतून ओवलेल्या तारेने घट्ट आवळून उभी केलेली एक फांदी. बुंध्याला करवतीचा सपाट काप. मूळ एकही नाही, कुजलेलं म्हणावं असंही नाही. पहिलं झाड सुकल्यावर भाच्याने टाकलं नव्हतं, पायरीखाली ठेवलं होतं. तेही उपटलं. तसाच काप, तशीच तार.

ही फसवणूक जुनिपरमध्येच इतकी सहज का जमते, ते नीट समजून घ्या. जास्वंदीची फांदी तोडली तर दुपारपर्यंत माना टाकते. जुनिपरची तोडलेली फांदी थंडीच्या दिवसांत कित्येक आठवडे हिरवी राहते. झाड मेल्याचं पानांवर दिसतं ते फार उशिरा. नखाने साल खरवडून बघा असं सगळे सांगतात. मीही बघितलं होतं आणि खाली हिरवं होतं, कारण नुकत्याच तोडलेल्या फांदीतही ते हिरवंच असतं. कुंपणाच्या छाटणीत निघालेली जाड फांदी विकणाऱ्याला फुकट पडते, आणि ती जुन्या खोडासारखी दिसते. ती सुकेपर्यंत आपण पाणी घालत असतो, म्हणून दोषही आपल्यावर ढकलता येतो.

‘थेट जपानहून’ हे खरं की खोटं, ते नुसत्या लाल मातीवरून ठरत नाही. परदेशातून भारतात रोपासोबत माती आणायला बंदी आहे. रोप रीतसर आलं असेल तर आयातीचा परवाना आणि रोप रोगमुक्त असल्याचं तिथल्या सरकारचं प्रमाणपत्र असतं. ते कागद मागा. मी मागितलेच नाहीत.

मी १९३० या ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, जाहिरातीचे फोटो आणि बोलणं मी जपून ठेवलं होतं म्हणून निदान तक्रार तरी नीट लिहिता आली. तुम्हीही काही पुसून टाकू नका.

सुरुवातीला महागडं ‘तयार’ झाड घेऊच नका, हे मी आता ठामपणे सांगते. नर्सरीतलं साधं, आठ इंची पिशवीतलं, खालपर्यंत फांद्या असलेलं जुनिपर घ्या. उंचीपेक्षा बुंध्याची जाडी बघा. जुनिपरच्या उघड्या पडलेल्या जुन्या लाकडावर सहसा नवी फूट येत नाही, त्यामुळे फांद्यांवर हिरवं खोडाच्या जवळ आहे ना, ते आधी तपासा. टोकांना नवी फिकट हिरवी वाढ दिसली पाहिजे. बुंधा धरून हळूच हलवा, मुळं धरलेलं झाड मातीच्या गोळ्यासकट हलतं. मोरपंखीही जुनिपर म्हणून खपवतात. तिच्या पानांचे चपटे पंखे उभे असतात, जुनिपरचे तुरे असे सपाट नसतात. घरी आणल्यावर गच्चीत उन्हातच ठेवा, खोलीत नको. मुळं आणि फांद्या एकाच वेळी छाटू नका.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं हडपसरच्या पुढे, मांजरीच्या बाजूला एका नर्सरीत गेलो. भाच्याने वही बरोबर घेतली होती. तिथल्या काकांना त्याने आधी विचारलं, “पिशवीतून काढून मुळं दाखवाल का?” त्यांनी एका हाताने बुंधा धरून पिशवी खाली ओढली. गोळ्याभोवती मुळांची जाळी होती, टोकं पांढरी. साडेतीनशे रुपये झाले. घरी येईपर्यंत पोराने ती पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.